तेल कुठं असतं? : लहान इंजिनांच्या हातपुस्तकाची प्रस्तावना

रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात किंवा शिरपूर-शिंदखेड्याकडच्या कपाशीच्या गावांत आज कुणाच्याही शेडमध्ये डोकावलं, तर दोन-तीन लहान इंजिनं हमखास दिसतात. खुंटीला टांगलेला पाठीवरचा फवारणी पंप, भिंतीला टेकलेला ब्रश कटर, ताडपत्रीखाली पॉवर वीडर, नाल्यावर न्यायचा पाण्याचा पंप आणि दारात मोटरसायकल. यांतली काही टू-स्ट्रोक असतात, काही फोर-स्ट्रोक. बाहेरून पाहणाऱ्याला फरक चटकन कळत नाही. पेट्रोलची कॅन मात्र सगळ्यांना मिळून एकच असते आणि ती ओतणारा हातही बहुतेक वेळा एकच. माझ्या मते आपल्या भागात लहान इंजिनांची जी नासाडी होते, तिचा मोठा वाटा या एका कॅनकडे जातो.

साधं पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेलं, की थोड्याच वेळात पिस्टन सिलिंडरला घासू लागतो आणि मग चिकटतो. हा घात निदान लगेच दिसतो. तेल मिसळलेलं पेट्रोल फोर-स्ट्रोकमध्ये गेलं, तर तसं काही घडत नाही. थोडा धूर येतो, प्लग काळा पडतो, आणि मालकाला वाटतं की इंजिनाला तेल मिळालं. मग तो खालच्या तेलाची काडी काढून पाहत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तेही इंजिन गॅरेजच्या फळीवर उघडं पडलेलं असतं. गॅरेजच्या दारात प्रश्न एकच ऐकू येतो: ‘भाऊ, पंप काबर बंद पडना?’ उत्तर मात्र इंजिनागणिक वेगळं असतं, आणि ते देता यावं, मालकालाही समजावं, यासाठी हे पुस्तक आहे.

शाळा-कॉलेजात या दोन इंजिनांतला फरक शिकवतात तो धावांचा. पिस्टन वर-खाली किती वेळा गेला की एकदा ताकद मिळते, यावर सारं प्रकरण उभं असतं. ते बरोबरच आहे आणि या पुस्तकातही ते येईल. पण मशीन वापरणाऱ्यानं सर्वांत आधी विचारायचा प्रश्न दुसरा आहे. या इंजिनाचं तेल कुठं असतं? पेट्रोलमध्ये असेल, तर प्रत्येक वेळी टाकी भरताना काळजी घ्यावी लागते. इंजिनाच्या पोटात असेल, तर तासांचा हिशेब ठेवून काळजी घ्यावी लागते. पहिल्या प्रकाराला शिस्त लागते रोजची, दुसऱ्याला लागते आठवण. आपले लोक दोन्ही करू शकतात. गोंधळ होतो तो एकाची सवय दुसऱ्याला लावल्यानं.

या सवयी कुठून आल्या हे पाहायचं, तर रस्त्यावर यावं लागतं. साठीच्या दशकापासून ऐंशीच्या मध्यापर्यंत, बुलेट सोडली तर, आपल्या गावांतली दुचाकी म्हणजे टू-स्ट्रोक. राजदूत, जावा आणि नंतर येझदी, बजाजची स्कूटर. १९७२ मध्ये आकुर्डीहून चेतक आली आणि त्याच वर्षी कायनेटिकची लुना. शहरातली रिक्षाही त्याच जातीची. तेव्हाच्या पेट्रोल पंपावर पेट्रोल आणि तेल ही एकाच खरेदीची दोन अंगं होती. चेतकला लिटरमागे वीस मिली तेल लागे. माप टाकीत रिकामं झालं, की मालक स्कूटर स्टँडवरून काढून दोन्ही बाजूंना डुलवायचा, म्हणजे तेल पेट्रोलमध्ये नीट मिसळावं. यांत्रिकी न शिकलेला शिक्षक, तलाठी, किराणा दुकानदार, सगळ्यांना हे येत होतं. तेल विसरलं तर गाडी बसते, एवढं प्रत्येकाला ठाऊक होतं.

घाटाचं शहाणपणही त्याच काळातलं. चाळीसगावचा माणूस संभाजीनगरकडून परतताना कन्नडचा औट्रम घाट उतरतो. टू-स्ट्रोक गाडी गिअरमध्ये ठेवून, अॅक्सिलरेटर बंद करून तो पूर्ण उतार उतरला, तर चाकं इंजिनाला जोरात फिरवत राहतात. पेट्रोल मात्र जवळजवळ बंद असतं. तेल पेट्रोलबरोबरच येणार असल्यानं तेलही बंद. म्हणून जुने चालवणारे उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडा अॅक्सिलरेटर देत. धुळ्याजवळच्या लळिंग घाटातही हेच करत. त्यांतल्या अनेकांना कारण सांगता आलं नसतं, पण हाताला ठाऊक होतं. पुढे १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स १०० आली तेव्हा तेलाची टाकी वेगळी झाली आणि पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम एका छोट्या पंपाकडे गेलं. तरी ती टाकी रिकामी होऊ न देण्याची जबाबदारी माणसाचीच राहिली.

त्याच १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली. शंभर सीसीची फोर-स्ट्रोक मोटरसायकल आपल्याकडे पहिल्यांदाच मिळू लागली. तिची जाहिरात सांगायची की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरा. जाहिरातीचा रोख कमी पेट्रोलवर होता आणि तो दावा गाडीनं खराही केला. खेड्यातल्या माणसाच्या खिशाला या गाडीनं, आणि १९९४ पासून स्प्लेंडरनं, जो आधार दिला तो मोठाच आहे. पण त्याबरोबर दोन पिढ्यांत एक सवय रुजली. इंजिनाला तेल लागतं हे रोज डोळ्यांसमोर येणं थांबलं. तेल गाडीच्या पोटात गेलं, नजरेआड झालं, आणि सर्व्हिसिंग करणाऱ्याच्या हवाली झालं.

प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी टू-स्ट्रोक रस्त्यावरून हटली. टीव्हीएसची एक्सएल ही खेड्यापाड्यातली मालवाहू मोपेडसुद्धा २०१५ मध्ये फोर-स्ट्रोक झाली. आज नवी टू-स्ट्रोक दुचाकी दुकानात मिळत नाही. पेट्रोल पंपावरचं तेलाचं माप गेलं, ते माप भरणारा पोऱ्या गेला, मिसळण्याची रीत गेली. आणि नेमक्या याच काळात टू-स्ट्रोक इंजिन शेतात शिरलं, माणसाच्या पाठीवर बसून. पंचविशीतल्या ज्या तरुणानं आयुष्यात कधी पेट्रोलमध्ये तेल मिसळलेलं पाहिलं नाही, त्याच्या हातात आज ब्रश कटर आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. वडिलांनी त्याला विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं तेल काळं झालं की बदलायचं, हे शिकवलं होतं. मोटरसायकलनं काहीच शिकवलं नव्हतं.

आता आतली गोष्ट, थोडक्यात. फोर-स्ट्रोक इंजिनाची रचना निकोलाउस ऑटो या जर्मन माणसानं १८७६ मध्ये चालवून दाखवली. पिस्टन खाली जाताना पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेतो, वर येताना दाबतो, प्लगची ठिणगी पडते, स्फोटानं खाली ढकलला जातो आणि पुन्हा वर येताना धूर बाहेर टाकतो. चार धावा, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्या, आणि त्यांत ताकद एकदाच. आत-बाहेरची दारं म्हणजे व्हॉल्व्ह, ते वेळेवर उघडायला कॅम, टॅपेट, चेन किंवा गिअर. तेल खाली क्रँककेसमध्ये साठवलेलं. ते उडून किंवा पंपानं सगळीकडे पोचतं आणि परत खाली येतं. तेच तेल पुन्हा पुन्हा.

टू-स्ट्रोकचा पाया डगल्ड क्लर्कनं घातला, पण आपल्या पाठीवरच्या पंपाचं थेट पूर्वज म्हणावं असं इंजिन १८९१ च्या सुमारास इंग्लंडमधल्या बाथ शहरात जोसेफ डे यानं केलं. त्याची कल्पना आजही चकित करते. त्यानं पिस्टनच्या वरची जागा वापरलीच, खालचीही वापरली. पिस्टन वर जाताना वर मिश्रण दाबलं जातं आणि त्याच वेळी खाली क्रँककेसमध्ये नवं मिश्रण ओढलं जातं. पिस्टन खाली येताना वरचा स्फोट ताकद देतो आणि खालचं मिश्रण दाबलं जाऊन सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटेनं वर चढतं, जळालेल्या धुराला बाहेर ढकलत. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. सिलिंडरच्या भिंतीत भोकं आहेत आणि ती उघडण्या-झाकण्याचं काम पिस्टनच करतो. हलणारे मुख्य भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांवर टू-स्ट्रोकमध्ये सेकंदाला शंभर स्फोट होतात, फोर-स्ट्रोकमध्ये पन्नास. तेवढ्याच आकारात जास्त जोर आणि तोही कमी वजनात. ज्या माणसाला दिवसभर औषध भरलेली टाकी पाठीवर घेऊन कपाशीच्या सरीतून चालायचं आहे, त्याला किलोभराचाही फरक पडतो.

पण क्रँककेस जर मिश्रण ओढायला वापरायची, तर तिथं तेल साठवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्ये मिसळावं लागतं. ते बेअरिंगवर, पिस्टनवर बसतं आणि मग पेट्रोलबरोबर जळून जातं. प्रत्येक थेंब एकदाच कामाला येतो. टू-स्ट्रोकचे सगळे गुण आणि सगळे दोष या एका गोष्टीतून निघतात. इंजिन आडवं करा, उलटं करा, खाली सांडायला तेलच नाही; म्हणून झाड कापायची चेन सॉ अजून मुख्यतः टू-स्ट्रोक आहे. धूर येतो, कारण तेल जळतं. आणि सिलिंडरमध्ये नवं मिश्रण येत असताना धुराची वाट उघडीच असल्यानं न जळलेल्या पेट्रोलचा काही भाग तसाच बाहेर निसटतो. साध्या कार्बोरेटरच्या इंजिनांत हा भाग चौथाईपर्यंत, कधी त्याहूनही वर जातो. रस्त्यावरून ही इंजिनं हटवली गेली ती प्रामुख्यानं याच कारणानं, आणि तो निर्णय योग्यच होता. तरी टू-स्ट्रोक म्हणजे मागास, असं समजू नये. जगातली सर्वांत मोठी जहाजं ओढणारी इंजिनं टू-स्ट्रोक डिझेल आहेत, आणि भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीजी-४ या मालगाडीच्या डिझेल इंजिनातही टू-स्ट्रोकच आहे. त्यांत हवा वेगळ्या यंत्रानं भरतात आणि तेलाची सोय वेगळी असते.

मिश्रणाच्या मापाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण पुस्तकातलं सर्वांत जास्त वाचलं जावं असं पान तेच आहे. मशीनबरोबरच्या पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर एक लिटर पेट्रोलला वीस मिली तेल, ४०:१ ला पंचवीस मिली, २५:१ ला चाळीस मिली. पुस्तिका सांगते तेवढंच, आणि टू-स्ट्रोकसाठीचंच तेल. मोटरसायकलचं उरलेलं तेल यात चालत नाही. ते साठून राहायला बनवलेलं आहे, जळायला नाही, आणि जळलं की प्लगवर व धुराच्या वाटेत कडक थर सोडतं. आधी कॅनमध्ये निम्मं पेट्रोल, मग मोजलेलं तेल, झाकण लावून हलवणं, मग उरलेलं पेट्रोल आणि पुन्हा हलवणं. मशीनच्या टाकीत थेट तेल ओतलं तर ते तळाशी बसतं आणि सुरुवातीलाच कार्बोरेटरमध्ये घट्ट होऊन जातं.

अनेकांना वाटतं, तेल थोडं जास्त पडलं तर इंजिनाचं भलंच. तसं होत नाही. जास्त तेलानं प्लग भिजतो, कार्बन साचतो, आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: तेल वाढलं म्हणजे तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल कमी झालं. इंजिन कोरडं, गरम चालायला लागतं. भरपूर तेल घालूनही पिस्टन घासल्याची उदाहरणं यातूनच घडतात. मला याचं वाईट वाटतं ते अशासाठी, की मोजून देण्यात आपला शेतकरी कुणाच्या मागे नाही. भवरलाल जैन यांनी जळगावात जैन इरिगेशन उभी केली आणि ठिबक या जिल्ह्याच्या अंगवळणी पडलं. केळीच्या खोडाला किती लिटर पाणी, किती ग्रॅम विद्राव्य खत, हे इथला दहावी शिकलेला मुलगा तोंडपाठ सांगतो. तोच मुलगा टू-स्ट्रोकचं तेल बाटलीच्या झाकणानं, अंदाजानं ओततो. त्याला कुणी माप दिलं नाही एवढंच. बाजारात वीस-पंचवीस मिलीच्या खुणा असलेली छोटी मापं मिळतात, औषधाच्या दुकानातली सिरिंजही चालते. मिसळलेल्या कॅनवर ठळक रंगाची पट्टी मारावी आणि ती कॅन वेगळ्या खुंटीला ठेवावी. एका शेडमध्ये दोन कॅन असणं हा खर्च नाही.

फोर-स्ट्रोककडे वळू. पाठीवरच्या पंपांत आणि ब्रश कटरमध्ये आता फोर-स्ट्रोकही बरेच आलेत. होंडाची २५ आणि ३५ सीसीची इंजिनं कोणत्याही कोनात चालतात. त्यांत तेलाचे बारीक तुषार करून ते फिरवलं जातं. पेट्रोल कमी, धूर नाही, आवाज मऊ. दिवसभर वापरायचं असेल आणि थोडं जास्त वजन सोसत असेल, तर मी याच बाजूनं बोलेन. मात्र २५ सीसीच्या त्या इंजिनात तेल बसतं फक्त ऐंशी मिली, म्हणजे चहाच्या कपाहूनही कमी. ते पन्नास तासांच्या कामात संपायच्या आधी मळतं. नव्या मशीनचं पहिलं तेल तर दहा तासांतच बदलावं लागतं, कारण नवे भाग घासून निघालेली धातूची पूड त्यात उतरते. कपाशीच्या ऐन हंगामात रोज सहा तास फवारणी चालली, तर पहिली बदली दोन दिवसांवर येते. मोटरसायकलच्या सवयीनं माणूस तीन महिन्यांनी बघू म्हणतो, आणि तीन महिन्यांत हंगाम संपलेला असतो, इंजिनही.

पॉवर वीडर आणि एचटीपी पंपावर १६० सीसीच्या आसपासचं इंजिन असतं. त्यात अर्धा लिटरहून थोडं जास्त तेल असतं आणि ते कनेक्टिंग रॉडच्या चमच्यासारख्या टोकानं उडवलं जातं. मशीन फार तिरकं झालं की तेल एका कडेला जातं आणि टोक हवेतच फिरतं. सातपुड्याच्या पायथ्याच्या, पाल-यावलकडच्या चढ-उतारांच्या रानात हे लक्षात ठेवायला हवं. तेलाची काडी पाहताना मशीन सपाट जागी हवं, नाहीतर काडी खोटं सांगते. टेम्पोत घालताना चुकीच्या कुशीवर झोपवलं, की तेल एअर फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरतं. मग दोरी ओढली तर हलत नाही आणि लोक इंजिन जाम झालं म्हणून घाबरतात. प्लग काढून दोरी हळू ओढली, की तेल बाहेर येतं. टॅपेटचं अंतर वर्षातून एकदा तपासलं तर थंडीतल्या सकाळच्या दोरी ओढण्याच्या झटापटी निम्म्यानं कमी होतील.

एकच लक्षण दोन इंजिनांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतं, हा भाग नव्या मेकॅनिकनं पुन्हा पुन्हा वाचावा. सुरू करताना निळसर धूर टू-स्ट्रोकमध्ये नेहमीचा असतो. तो अजिबात दिसला नाही, तर उलट टाकीत तेल पडलं आहे का ते बघावं. फोर-स्ट्रोकमध्ये तोच निळा धूर म्हणजे तेल जास्त भरलंय, नाहीतर रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल वर जातंय. ओला काळा प्लग टू-स्ट्रोकमध्ये बहुधा मिश्रणाचं माप चुकल्याचं किंवा चोक ओढलेला राहिल्याचं सांगतो. फोर-स्ट्रोकमध्ये तो खर्चाची सूचना असतो. ताकद हळूहळू कमी झाली, तर टू-स्ट्रोकमध्ये आधी सायलेन्सर आणि धुराचं भोक उघडून कार्बन बघावा. जुन्या गॅरेजांत स्कूटरचे सायलेन्सर जाळात घालून साफ करत, त्याचं कारण हेच. फोर-स्ट्रोकमध्ये आधी एअर फिल्टर आणि टॅपेट. टू-स्ट्रोकचं इंजिन मोकळं सोडल्यावर आपोआप जोरात पळायला लागलं, तर क्रँकच्या ऑइल सीलमधून हवा शिरते आहे असं समजून लगेच बंद करावं. टू-स्ट्रोकमध्ये ती सील नुसती तेल अडवत नाही, तिच्यावर आख्खं मिश्रण अवलंबून असतं. आणि प्लगचं टोक पांढरंफटक दिसलं तर दोन्हीकडे अर्थ एकच: इंजिन कोरडं आणि तापलेलं चालतंय.

नावावर विसंबू नये याचं एक चांगलं उदाहरण श्टीलच्या फोर-मिक्स इंजिनाचं आहे. ते फोर-स्ट्रोक आहे, त्याला व्हॉल्व्ह आहेत, टॅपेट आहेत. पण त्याच्या पोटात तेल नसतं, पेट्रोलमध्येच ५०:१ नं मिसळावं लागतं. धावा मोजून काळजी ठरवणारा इथं फसतो. टाकीच्या झाकणावर थेंबाचं चिन्ह आहे का आणि क्रँककेसला तेलाची काडी आहे का, या दोन जागा पाहिल्या की सेकंडहँड मशीन घेतानाही घोटाळा होत नाही.

आपल्या हवेचा आणि मातीचा या इंजिनांवर होणारा परिणाम वेगळ्या प्रकरणात आहे, कारण परदेशी पुस्तिकांत तो सापडत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो. लहान इंजिनं हवेवर थंड होतात, आणि त्यांच्या पंख्याच्या जाळीत कपाशीचे तंतू, वाळलेल्या गवताचा चुरा, काळ्या मातीची धूळ अडकते. जाळी बुजलेली, ऊन डोक्यावर, आणि ब्रश कटर पूर्ण अॅक्सिलरेटरवर. अशा वेळी तेलाचं माप बरोबर असूनही टू-स्ट्रोक चिकटतो. काम थांबवताना एकदम बंद न करता मिनिटभर मोकळं चालवावं. फिल्टरचा फोम साबणाच्या पाण्यानं धुऊन, वाळवून, थोड्या तेलात पिळून बसवावा. धुळीच्या दिवसांत हे रोजचं काम आहे.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. कॅनमध्ये किंवा टाकीत पेट्रोल पावसाळाभर पडून राहिलं आणि पुरेसं पाणी जमलं, की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. टू-स्ट्रोकचं तेल पेट्रोलबरोबर वरच्या थरात राहतं, आणि कार्बोरेटरकडे जाणारी नळी तळातून घेते. म्हणजे इंजिन तेलाशिवाय चालू होतं. ज्यानं प्रामाणिकपणे माप घालून मिश्रण केलं होतं, त्याचंही इंजिन असं जातं, आणि त्याला शेवटपर्यंत कारण कळत नाही. म्हणून मिश्रण महिनाभरापेक्षा जास्त ठेवू नये, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. इथेनॉलनं जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे पडदेही खराब होतात. ते स्वस्त असतात, दरवर्षी बदलले तरी हरकत नाही. गावात सुट्या बाटलीतून मिळणारं पेट्रोल किती जुनं आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, ते फवारणी पंपात घालू नये.

हे सारं शिकवायचं कुणी, असा प्रश्न उरतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकच्या डिझेल इंजिनांचे जाणते मिस्त्री धुळ्यात तयार झाले. मोटरसायकलचे मेकॅनिक प्रत्येक तालुक्यात आहेत. शेतातलं लहान इंजिन मात्र दोघांच्या मधे पडलं. डिझेलवाला ते हाती घेत नाही, आणि तरुण मोटरसायकल मेकॅनिकनं टू-स्ट्रोक उघडून पाहिलेलं नसतं. ज्यांनी राजदूत आणि चेतकचे हजारो पिस्टन बसवले, बोअर करून घेतले, कानानं मिश्रण ओळखलं, ते आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांतल्या कितीतरींनी गॅरेज बंद केली. त्यांच्याजवळचं ज्ञान आज पुन्हा उपयोगाचं झालं आहे, आणि ते मागायला कुणी जात नाही. आयटीआयच्या मुलांना माझी विनंती आहे, तुमच्या गावातल्या अशा एका जुन्या मिस्त्रीकडे सुट्टीत जाऊन बसा. पुस्तकातली आकृती आणि त्यांचा हात एकत्र आला, की कुठलंही लहान इंजिन अवघड राहत नाही.

बॅटरीवरचे पंप आता स्वस्त झाले आहेत आणि कपाशीच्या सुरुवातीच्या फवारणीला तेच बरे. पण केळीच्या उंच बागेत करप्याची फवारणी वरच्या पानापर्यंत पोचवायला इंजिनाचा जोर अजून लागतो, आणि तोच जोर माणसाला धोक्याचाही आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले. डोक्याच्या वर वाढलेली कपाशी आणि बारीक धुकं सोडणारे जोरकस पंप यांची तेव्हा बरीच चर्चा झाली. आपल्याकडेही मशीन एकाचं असतं आणि पाठीवर घेणारा रोजानं आलेला दुसराच. तेल मालक मिसळतो, गरम सायलेन्सर मजुराच्या पाठीपासून वीतभर अंतरावर असतो, कानाशी इंजिन दिवसभर ओरडत असतं, आणि औषध नाकातोंडात जातं तेही त्याच्याच.

म्हणून सुरक्षिततेचं प्रकरण मी पहिलं ठेवलं आहे, धावा आणि व्हॉल्व्ह त्यानंतर. पाठीवर मशीन घेणाऱ्याला कानाचे बोळे, चष्मा, हातमोजे आणि नाकावरचा योग्य मास्क देणं ही मालकाची जबाबदारी आहे, त्याच्या मर्जीचा प्रश्न नाही. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. पेट्रोल भरताना मशीन पाठीवरून उतरवून, बंद करून, थंड होऊ द्यावं. भरलेल्या जागेपासून चार पावलं दूर नेऊन मग दोरी ओढावी. आणि कीटकनाशक मोजायचं माप वेगळं, तेल मोजायचं माप वेगळं. दोन्हींवर रंगानं खूण करावी, आणि कीटकनाशकाचं माप घरात नेऊ नये.